बाज उचलायला चौघे लागतात

प्रश्न : "मी मूळची सोलापूरची, गेली पाच वर्षं पुण्यात नोकरी करते. आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. ओळखीच्या एका बाईंबरोबर ती एका प्रार्थना सभेला जायला लागली. तिथं तिला सांगण्यात आलं, खरा विश्वास असेल तर मशीन कशाला? तिनं लागोपाठ दोन वेळा डायलिसिस चुकवलं. एका रात्री धाप लागली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नंतर त्या सभेतलेच एक जण म्हणाले, विश्वास कमी पडला. आमच्या चर्चमधून मातीला खूप माणसं आली, पण महिनाभरानंतर कुणी फिरकलं नाही. याला आता दीड वर्ष झालं. वडील दर रविवारी एकटे देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जातात. मी घरी आले की 'चल सोबत' म्हणतात. मला तिथं बसवत नाही. माझा विश्वास उरलाय की नाही तेच समजत नाही. मी काय करू?"

मुली, सलाम.

मी ३१ वर्षं चर्चच्या पाळकाचं, म्हणजे पास्टरचं, काम केलं. त्यातली बरीचशी सोलापुरात, थोडी आसपासच्या खेड्यांत. आता निवृत्त आहे. आधी आईबद्दल बोलतो, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे.

तुझ्या आईचा विश्वास कमी पडला नाही. हे तुझी समजूत काढायला म्हणत नाही, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तसं सांगतं म्हणून म्हणतो. प्रेषित पौलाचा तरुण साथीदार तीमथ्य याला पोटाचा त्रास होता, तो वरचेवर आजारी पडायचा. पौलानं त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, म्हणजे त्या काळातलं औषधच. 'तुझा विश्वास तपासून बघ' असं लिहिलं नाही. आणखी एक साथीदार त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलानं त्याला मिलेत शहरात मागं ठेवलं आणि ते पत्रात सरळ लिहून टाकलं. आणि स्वतः पौल? ज्याच्या अंगावरचे रुमाल लोक आजाऱ्यांकडे घेऊन जायचे, त्यानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' काटा तिथंच राहिला.

तू पुण्याहून घरी येताना तुझी गाडी केडगाववरून जाते. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी ही बाई. १९०५ साली त्यांच्याकडे झालेल्या संजीवनाची, म्हणजे विश्वास नव्यानं पेटण्याच्या लाटेची, गोष्ट आजही सभांमधून सांगितली जाते. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाईही गेल्या. मुलीसाठी त्या आईनं प्रार्थना केली नसेल का? रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही. मग तुझ्या आईबद्दल ते म्हणायचा अधिकार कुणाला मिळाला?

आईला धाप का लागली तेही स्पष्ट बोलू. मी डॉक्टर नाही, पण डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझे पुष्कळ तास गेले आहेत. किडनी बंद पडली की अंगातलं पाणी बाहेर पडत नाही, पोटॅशियम साठत जातं. दोन फेऱ्या चुकल्या की ते पाणी फुप्फुसांत उतरू शकतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आईची धाप त्या पाण्याची होती, अविश्वासाची नव्हती. ते मशीन देवाच्या विरोधात उभं नव्हतं. ज्यानं ते बनवलं त्याची बुद्धी देवानंच दिली, आणि जी नर्स पहाटे येऊन ते धुऊन ठेवते तिचे हातही देवाचेच आहेत असं मी मानतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं काहीही प्रार्थनेच्या जोरावर बंद करू नका, हे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितलं. आता वाटतं, दर महिन्याला सांगायला हवं होतं.

ज्यांनी आईला तसं सांगितलं, त्यांच्यावर तुझा राग आहे. तो असू दे. क्षमेची घाई करू नकोस, आणि 'क्षमा कर, विसरून जा' असं कुणी सांगायला आलं तर मान हलवून सोडून दे. क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. जमेल तेव्हा, सोबत कुणाला तरी घेऊन, त्यांच्याकडे जा आणि शांतपणे सांग की तुमच्या सांगण्यावरून आईनं डायलिसिस चुकवलं आणि ती गेली. उद्या त्यांच्यापुढं दुसरी आजारी बाई बसेल, तिच्यासाठी हे सांगणं गरजेचं आहे. त्यांना ते पटेल की नाही, ते तुझ्या हातात नाही.

आता आपल्या मंडळीबद्दल, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांबद्दल. इथं मला जास्त लिहायचं आहे, कारण तुझ्या पत्रातलं जे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं ते सभेबद्दलचं नाही. 'महिनाभरानंतर कुणी फिरकलं नाही,' हे ते वाक्य.

मार्काच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, पक्षाघाती माणसाची गोष्ट आहे. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, तूही चित्रात रंग भरले असतील. चौघं जण त्याला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी असते, मग ते छप्पर उसकटून बाज खाली सोडतात. पुढचं वाक्य नीट वाच : 'येशू त्यांचा विश्वास पाहून' बोलला. त्यांचा, म्हणजे त्या चौघांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथं चकार शब्द नाही. तो बिचारा वर बघत पडला असेल, घाबरलाही असेल. कदाचित त्याच्याकडे त्या दिवशी काहीच शिल्लक नसेल. प्रभूनं त्याच्याकडून काही मागितलं नाही. आजाऱ्याचा विश्वास मोजायचा नसतो, त्याची बाज उचलायची असते.

आपल्या मराठीत चौघं म्हटलं की काय डोळ्यांपुढं येतं ते तुला माहीत आहे. खांदा द्यायला चौघं लागतात. आपल्या मंडळ्या त्यात कधी कमी पडत नाहीत. फोन फिरतात, बायका पोळ्या लाटायला येतात, तरुण संघाची पोरं कबर खोदायला पहाटे हजर होतात, मोठी पेटी उचलायला दहा हात पुढं येतात. माती झाली, प्रार्थना झाली, सगळे घरी गेले. खांद्याचे चौघं आपल्याला सापडतात. बाजेचे चौघं सापडत नाहीत, कारण बाज एका दिवसात उचलून होत नाही.

हे मी उंचावर बसून सांगत नाही. माझी गोष्ट ऐक.

मी तेव्हा पाळक होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. बीडी कामगारांच्या वस्तीत आमच्या मंडळीचं एक तेलुगू बोलणारं कुटुंब होतं. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, बाई बीड्या वळायची. दर महिन्याला मी जायचो. स्तोत्र वाचायचं, रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, अर्धा कप चहा घ्यायचा आणि पुढच्या घरी. पंधरा मिनिटं. वहीत खूण करायचो की घरभेट झाली. एकदा मी निघायला उठलो. ती दाराशी सूप मांडीवर घेऊन बसली होती. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तिची बोटं एकसारखी चाललेली. मजुरी हजार बीड्यांवर मिळते, हात थांबवून चालत नाही. मान वर न करता ती म्हणाली, "साहेब, आलाच आहात तर जरा यांना कुशीवर करता का? माझ्या एकटीनं होईना."

मी वाकलो आणि त्यांच्या पाठीखाली हात घातला. तोवर मी त्या माणसाच्या कपाळाखेरीज कुठंही हात लावला नव्हता. पाठ वळली तेव्हा दिसलं, कमरेच्या जरा खाली तळहाताएवढी जखम. चादर तिला चिकटली होती. वास आला. किती महिने मी त्या खोलीत 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' वाचत होतो, आणि मेंढराची पाठ मला माहीत नव्हती.

त्या दिवशी दोन तास थांबलो. कोमट पाण्यानं चादर सोडवली, ती सूप बाजूला ठेवून उठली, आम्ही दोघांनी मिळून त्यांना पुसलं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आमच्या मंडळीतल्या एक सिस्टर आल्या, त्या सिव्हिलमध्ये होत्या. ते गृहस्थ पुढं वर्षभर जगले. जखम पूर्ण भरली नाही, पण कोरडी राहिली.

त्यानंतर माझी घरभेट बदलली. आधी विचारायचो, काय करू? स्तोत्र नंतर. पुष्कळदा स्तोत्राची वेळच यायची नाही.

पुढं शहरातल्या एका मंडळीत असताना आम्ही प्रत्येक आजारी घरामागं चौघं नेमले. एकाकडे गाडी, म्हणजे डायलिसिसला किंवा केमोला नेणं-आणणं. दुसऱ्यानं कागदपत्रं बघायची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून माणसं काउंटरवरून परत फिरतात. हे एका जाणत्या कारकुनाचं काम, आजाऱ्याच्या बायकोचं नव्हे. तिसऱ्याचं काम ऐकून लोक हसायचे : पाणी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी अपरात्री. घरात एक जण अंथरुणाला खिळलेला आणि दुसरा दवाखान्यात असेल तर पिंप भरणार कोण? चौथ्यानं नुसतं बसायचं. गप्पा मारायच्या, नाहीतर गप्प बसायचं. हे चौथं काम सगळ्यात अवघड निघालं, त्याला माणूस मिळायचा नाही. प्रत्येकाला आजाऱ्यापुढं काहीतरी बोलायचं असतं, वचन सांगायचं असतं. बायबलमधला ईयोब सगळं गमावून आजारी पडला, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, कुणी एक शब्द बोललं नाही. तेवढे सात दिवसच त्यांनी खरी सेवा केली. नंतर तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं.

ही व्यवस्था तीन वर्षं बरी चालली. मग मंडळीच्या निवडणुका आल्या, दोन गट पडले, एका गटातला माणूस दुसऱ्या गटातल्याच्या घरी पाणी भरायला जाईना. जागेवरून, हिशोबावरून आपण किती शक्ती घालवतो हे तुला सांगायला नको, तू मंडळीतच वाढलीस. मी बदलून गेलो आणि ते काम थांबलं. ते थांबलं याचं मला आजही वाईट वाटतं. माणसं तयार करण्याऐवजी मी सगळं माझ्याभोवती उभं केलं होतं, ती माझी चूक.

म्हणून तुझी आई त्या सभेला का गेली, हे मी समजू शकतो. तिथं तिला नावानं हाक मारत असतील. गेल्या बुधवारी का आली नाहीस म्हणून फोन येत असेल. रडली तर कुणी तरी पाठीवर हात ठेवत असेल. आपल्याकडे उपासनेचा क्रम सुंदर आहे, कवी नारायण वामन टिळकांचे अभंग आहेत, पण देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत आजारी बाईला 'तब्येत कशी' एवढंच विचारलं जातं आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. त्या लोकांनी शिकवण चुकीची दिली आणि त्याची किंमत तुमच्या घरानं मोजली. पण आई त्यांच्या दारात गेली ती आमच्या दारात उभं राहायला कुणी नव्हतं म्हणून. तेवढा दोष आम्हा पाळकांच्या पदरात घाल.

आता तुझ्याबद्दल.

विश्वास उरलाय की नाही हे तुला आत्ता ठरवायची गरज नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला बाप काय म्हणतो? 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' दोन्ही एका दमात. प्रभूनं त्याला आधी एक बाजू निवड म्हणून सांगितलं नाही, मुलाला बरं केलं. तू मला लिहिलंस, आईसाठी रागावलीस, वडिलांच्या हाकेनं तुझ्या पोटात कालवतं. ज्याच्या मनातून देव पार गेला तो असल्या गोष्टींवर झोप घालवत नाही. पण हे माझं वाचन झालं, तुझ्यावर लादत नाही.

प्रार्थना येत नसेल तर दुसऱ्याचे शब्द घे. तेरावं स्तोत्र वाच, सहाच ओव्या आहेत. त्याची सुरुवातच 'कोठवर?' अशी आहे. ते सोसलं तर अठ्ठ्याऐंशीवं वाच. त्याचा शेवट अंधारात होतो, शेवटी आनंदाची ओळ नाही, आणि तरी ते आपल्या पवित्र शास्त्रात आहे. देवाला तक्रार चालते. आपल्या मंडळीत चालत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि वेळेची चिंता करू नकोस. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, सगळं पाहून-पारखून, भांडून, आपल्या पायांनी आल्या. एका घरातली दोन माणसं एकाच वेगानं चालत नाहीत. पुढं १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघंही बसू शकत होते. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जागा देण्याची रीत आपल्या मराठी मंडळीला जुनी आहे. तू उंबऱ्यावर आहेस, तर उंबऱ्यावर उभी राहा.

वडिलांना तू हवी आहेस. त्यांना देवळात मुलगी विश्वासात परत आलेली बघायची असेलही, पण मला वाटतं त्याहून साधं काही असेल. चाळीस वर्षं ज्या बाकावरून शेजारून आवाज यायचा, तिथून आता येत नाही. तुला नको वाटेल तिथं डोळे मिटू नकोस, म्हणवत नसेल ते गीत म्हणू नकोस, प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा, जागेवर बसून राहा. हात जोडून बसलेल्या मुलीला कुणी उठवत नाही, आणि उठवलंच तर नाही म्हण. आधी वडिलांना हे सगळं सांगून ठेव, म्हणजे त्यांना धक्का बसणार नाही. तेही नको वाटलं तर उपासना सुटायच्या वेळेला फाटकाशी जा आणि त्यांना घेऊन चहाला जा. दोन-तीन रविवार एवढंच कर.

तुमच्या पाळकांना एक फोन कर. रविवारी करू नकोस, रविवारी त्यांच्याभोवती माणसं असतात. सोमवारी दुपारनंतर कर. जे मला लिहिलंस ते त्यांना सांग : मातीला आलात, नंतर आला नाहीत. चांगला पाळक असेल तर गप्प बसून ऐकेल, आणि त्याच आठवड्यात वडिलांकडे जाईल. त्यांना सांग की येताना पंचांचा लवाजमा नको, एकट्यानं या आणि तासभर बसा. काही वाचू नका म्हणालीस तरी चालेल. मी माझ्या वहीत प्रत्येक मातीच्या तारखेपुढं तीन महिन्यांनंतरची आणि वर्षानंतरची तारीख लिहून ठेवायचो, कारण पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात रात्र खायला उठते. ही सवय मला फार उशिरा लागली. त्यांना ती सांग, माझ्या नावानं सांगितलंस तरी हरकत नाही.

पुढच्या खेपेला शुक्रवारी रात्रीच घरी ये. शनिवारी ऊन उतरल्यावर वडिलांना घेऊन कबरस्थानात जा. एक झाडू घे, पाण्याची कळशी घे. कबरीवरचा पाला काढ, दगड धू. ते करता करता आईशी काही बोलावंसं वाटलं तर मोठ्यानं बोल, वडिलांना ऐकू येऊ दे. डायलिसिस चुकवलं तेव्हा मी इथं नव्हते, हे जे तुझ्या पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, तेही बोल. दीड वर्षात त्या दोन फेऱ्यांबद्दल त्यांच्याशी कुणी बोललं नसेल. त्यांच्याही मनात तसलंच एक वाक्य असणार.